जावयांनी प्लग बसवला

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी लालबागच्या चाळीत भर अंगणात माझ्या सासऱ्यांवर जवळजवळ गोळी झाडली. सासरी या घटनेला ‘जावयांनी प्लग बसवला’ असं म्हणतात.

सासऱ्यांची मोटरसायकल माझ्या बायकोपेक्षा, म्हणजे रूपालीपेक्षा, चार वर्षांनी मोठी. माझगाव डॉकची सगळी नोकरी त्यांनी तिच्यावरून केली. दुसऱ्या दिवशी आरटीओत तिची तपासणी होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नापास झाली तर थेट भंगारात! आणि नेमकी तीच आठवडाभर खोकत होती.

“प्लग गेलाय,” सासरे म्हणाले, “दहा मिनिटांचं काम. पण माका वाकूचा नाय.” (त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते.)

“मेकॅनिकला बोलवू का?” रूपाली म्हणाली.

“मेकॅनिक कशाला? मी आहे ना!” मी म्हणालो.

रूपालीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी लगेच मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस फक्त घाबरवत होता. जास्त आवळलात तर इंजिनातले आटे जातील, आटे गेले तर इंजिन गेलं! मी धसका घेतला. जुना प्लग काढला आणि नवा भोकात ठेवून पान्याने फिरवला. दीड आटा गेला आणि तो थांबला. पुढे हलेना.

“बसला काय घट्ट?” सासऱ्यांनी विचारलं.

“एकदम!” मी म्हणालो. (तो वाकडा अडकला होता. पण हे मला कुठे माहीत!)

मी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. गाडी शिंकली. तिसरी मारली आणि…

फाट्!

प्लग उडाला. माझ्या कानाजवळून गेला, सासऱ्यांच्या दिशेने गेला आणि पिंपाच्या पत्र्याच्या झाकणावर ढण्ण करून आदळला. गॅलऱ्या भरल्या. वरून कोणीतरी ओरडलं, “सिलिंडर फुटला काय रे?”

धूर विरला तेव्हा सासरे खुर्चीत निश्चल बसले होते. चष्मा खाली पडला होता. ऑपरेशनच्या डोळ्यावर हात होता.

मी ओरडलो, “बाबा! डोळ्याला लागलं?”

रूपाली धावली. “बाबा, बोला ना!”

“लागूक नाय,” ते हळूच म्हणाले.

“मग डोळा का झाकलाय?”

“गाडीकडे बघवना!”

मी तिथेच पायरीवर बसलो. इतका आनंद मला बोर्डाचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. सासऱ्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते! उरला प्रश्न गाडीचा. मी त्या भोकात डोकावलो. माझ्या मते सगळे आटे गेले होते. (माझ्या मताला आता तिथे कोणीही विचारत नव्हतं.)

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत खाली आल्या. हातात पोह्यांचा झारा होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला, म्हणाल्या, “धरा,” आणि गाडीशी बसल्या. भोकात बोट फिरवलं.

“पहिलोच आटो दुखावलाय. बाकी बरे आसत.”

मग त्यांनी जुना प्लग मागितला, पॉलिश पेपरने त्यावरची काजळी घासून काढली, तो नुसत्या बोटांनी भोकात टेकवला आणि उलटा फिरवला.

“आई, उलटा?” मी न राहवून म्हणालो.

“गप ऱ्हवा. आवाज ऐका.” टक्! आटा आट्याला लागला. मग सुलटा फिरवत त्यांनी तो बोटांनीच पार खालपर्यंत नेला आणि शेवटी पान्याने जरासा आवळला. “आता मारा किक.”

पहिल्या किकला गाडी चालू! न खोकता, न शिंकता!

“आई, हे तुम्हाला कसं येतं?”

“लग्नानंतर गावाक ह्याच गाडीवरून जायचो. घाटात बंद पडायची. ह्यांची बोटां जाडी, भोकात जायची नाय. मग कोण बसवतलो?”

सासरे डोळ्यावरचा हात काढून बघत होते. गाडीकडे नव्हे, सासूबाईंकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणीला गेलो. गाडी मी चालवली, सासरे-सासूबाई मागून टॅक्सीने आले. आरटीओच्या साहेबांनी गाडी चालू केली, कान देऊन ऐकली आणि सही केली. मला हुंदकाच यायचा बाकी होता.

“इतकी जुनी गाडी आणि इंजिन असं! काम कोणी केलं?” साहेबांनी विचारलं.

“हिनं,” सासऱ्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

“आणि हे कोण?”

“हे आमचे जावई. ह्यांच्यामुळेच तर काम निघालं!”

मी नम्रपणे मान झुकवली, साहेबांना म्हणालो, “कसचं, कसचं!” ही स्तुती नव्हती, हे माझ्या डोक्यात घरी परतताना परळच्या पुलावर शिरलं.