धोंडूच्या मोटरची पट्टी

वरळीच्या गिरणीत धोंडूनं पाच वर्षं एकच मोटर सांभाळली. कापसाची धूळ बाहेर ओढणारा पंखा तिच्यावर चालायचा. अठराशे पंच्याण्णव साली ती गिरणी बंद पडली. परळच्या एका गिरणीनं मोटर विकत घेतली आणि तिच्या खोडी जाणणारा माणूस म्हणून धोंडूलाही ठेवून घेतलं. त्याची बायको सोनूबाई तिथंच रिळखात्यात होती. दोघं एकाच भोंग्याला घराबाहेर पडू लागली, याचं तिला अप्रूप वाटायचं.

मंगळवारी गिरणीचा इंजिनियर साहेब मोटर जोडायला आला. आधी त्यानं तिच्या अंगावरची पितळी पट्टी पाहिली. मोटर किती व्होल्टची, किती अँपिअर घेते, मिनिटाला किती फेरे, सगळं तिथं ठोकलेलं असतं. इथला डायनामो एकशे दहा व्होल्टचा. मोटर त्याहून कमी व्होल्टची असली तर आतलं तांबं जळणार, जास्तीची असली तर पंखा रखडणार. पण पट्टीवर एकही आकडा नव्हता. ती आरशासारखी लख्ख होती.

वरळीला किती व्होल्ट होते, हे धोंडूला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिथला साहेब विलायतेला गेला होता, डायनामो भंगारात. विक्रीच्या कागदावर मोटरचा नंबर होता, मोटरवर मात्र नाही. साहेबानं सरळ अर्थ लावला: खरी मोटर धोंडूनं बाजारात विकली, हिचे आकडे कानशीनं घासून ही तिच्या जागी आणून बसवली. शनिवारपर्यंत ओळख पटली नाही तर धोंडूला कामावरून काढणार, असं त्यानं सांगितलं.

दुपारच्या सुट्टीत रिळखात्यात दुसरा विषय नव्हता.

"घोवानं यंत्र विकलान काय गो?" शेजारच्या साच्यावर रिळं भरणाऱ्या सुभद्रानं भाकरी मोडत विचारलं. "बरीक पायात नवी जोडवी दिसतायत."

सोनूबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. जोडवी धोंडूनं शिमग्याला आणली होती. कुठून, हे तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. आता दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

घरी तिनं विचारलंच. धोंडू म्हणाला, जोडवी भिशीतून घेतली. आणि आकडे? ते त्यानंच घालवले होते. पितळेची पट्टी, वर उठवलेली अक्षरं, त्याला ती देवाच्या टाकासारखी वाटायची. दर शनिवारी चिंच आणि विटेची पूड लावून घासायचा, मग हळदकुंकू. आकडे कधी झिजले, त्यालाही कळलं नाही.

सोनूबाईला हे पटावं असं वाटत होतं, पण पुरतं पटेना. पाच वर्षांत या माणसानं घरातला तांब्या कधी घासला नव्हता.

सकाळी ती देव घासायला बसली. खंडोबाच्या टाकाचं नाक केव्हाच सपाट झालं होतं. धुऊन पालथा घातला, तर मागं नाकाचा खळगा जसाच्या तसा. टाक पत्रा मागून ठोकून उठवलेला असतो. ती थोडा वेळ त्या खळग्याकडेच पाहत बसली.

बायकांनी पाऊल ठेवायचं नाही अशा यंत्रघरात ती त्या दिवशी शिरली. हेडफिटर अण्णा हातातला पाना घेऊन आडवे आले.

"अण्णा, पट्टी काढून मागनं बघा," ती म्हणाली. "पुढचा झिजतो, मागचा नाय झिजत."

घासून घासून स्क्रूंच्या खाचाही गेल्या होत्या. ते छिन्नीनं तोडावे लागले. पत्रा पातळ होता. पाठीवर आकडे उमटले होते, पण उलटे. अण्णांनी साबणाची ओली वडी त्यावर दाबली, तशी अक्षरं सुलटी झाली. पासष्ट व्होल्ट, चौदा अँपिअर, नऊशे फेरे. खाली नंबर, कागदावरचाच.

एकशे दहावर जोडली असती तर मोटर गेलीच असती. साहेबानं वीज अडवायला मध्ये तारांची वेटोळी घालायला सांगितली. धोंडूला त्यानं इतकंच बजावलं, की पट्टीला पुन्हा हात लावायचा नाही. माफी कुणी मागितली नाही.

रात्री सोनूबाईनं त्याला भात वाढला. ती आमटी ओतत असताना त्यानं खाली बघतच विचारलं,

"तुलापण वाटला व्हता, मी चोरी केली म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"वाटला," ती म्हणाली.

धोंडूनं भात कालवला. पान स्वच्छ करून उठला, पण रोजच्यासारखा दुसऱ्यांदा भात मागितला नाही.