पिवळ्या भाताची करणी

दैवशालाकाकू सकाळी रानात पिवळा भात फेकतात, ती भावकीवर केलेली करणी असते, अशी आमच्या गावात पक्की बातमी आहे. ही बातमी भूमच्या बाजाराला जाऊन आली, तेव्हा तिच्यात लिंबू आणि टाचण्यासुद्धा होत्या.

खरं एवढंच, की भात पिवळा असतो. काकू तो हळद घालून शिजवतात आणि हरभऱ्यात टाकतात, पाखरांसाठी. भाताला आलेल्या पाखरांनी हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटेअळीही खावी, म्हणजे औषध मारायला नको. "जेवायला बोलावल्याबिगर कोण येतंय व्हय रे?" काकू विचारतात. त्यातला शेवटचा 'रे' एसटीच्या हॉर्नइतका लांब असतो. काकूंचे मालक एसटीवर चालक आहेत, त्याचा हा परिणाम असावा.

रान बघतात दीर, श्रीमंतकाका. यंदा काकूंनी ओढ्याकडचा एकरभर तुकडा स्वतः करायला मागून घेतला. काका घसा खाकरून म्हणाले, "करा वैनी. पर आळी वाढली की म्या औषध मारणार. आन् फुडच्या सालापासून तुमी रानात फकस्त भाकरी घिऊन यायची." मग वाक्य संपल्याचं कळावं म्हणून पुन्हा खाकरले.

काकूंनी आधी बुजगावणं उपटलं. काकांच्याच जुन्या सदऱ्यातलं होतं ते. त्याला बांधावर आडवं टाकून काकूंनी पाखरांना बसायला तुराट्यांचे दांडे रोवले.

गावभर काकूंची नक्कल करत फिरणारा मी म्हटलं, "काकू, पाखरं न्हाय येत."

पैज लागली. मी जिंकलो तर बचत गटाच्या सगळ्या बायांपुढं काकूंची नक्कल करणार. हरलो तर हरभरा निघेपर्यंत तोंडातून काकूंचा आवाज काढायचा नाही.

पहिल्या दिवशी एक कावळा आला. भात खाल्ला, दांड्यावर बसून चोच पुसली, गेला. दुसऱ्या दिवशी भात कुत्र्यानं खाल्ला. कुत्रं अळ्या खात नाही. सगळी पाखरं बांधापलीकडं काकांच्या हरभऱ्यात रमली होती.

काकांनी काकूंचा एक घाटा फोडला, आतली अळी तळहातावर घेऊन दाखवली. "उद्या पंप घिऊन येतो." काकू काही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी ऐकलेली त्यांची ही पहिलीच गप्प बसण्याची वेळ. तिची नक्कल मला जमली नाही.

जाताना काकांना स्वतःच्या रानातली पाखरं दिसली. हरभरा खातील म्हणून त्यांनी आडवं पडलेलं बुजगावणं उचललं, आपल्या हरभऱ्याच्या मधोमध रोवलं आणि वर स्वतःच्या डोक्यावरची टोपीही त्याला घातली.

सकाळी काकूंच्या दांड्यादांड्यावर साळुंक्या, कोतवाल, खाली बगळे. भात तसाच पडलेला. पाखरं थेट अळ्याच वेचत होती.

काका पंप पाठीवर घेऊन आले. बराच वेळ खाकरले. "ही आमच्याकडची पाखरं हायत."

"मग? तुमच्याच सदऱ्यानं धाडली की, भावजी!"

काकांनी आपल्या हरभऱ्यातला एक घाटा फोडला. आत अळी होती. मग पंप खाली ठेवून, बुजगावण्याच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. "कडंच्या वळी खाल्ल्या की आळीनं तुमच्या बी," ते म्हणाले. कडेच्या ओळी खरंच खाल्ल्या होत्या. "फुडच्या साली भात जरा कडंला बी टाकत जावा."

हरभरा अजून उभा आहे. तोंडातून आवाज काढायचा नाही, एवढंच ठरलं होतं. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.