कडाक्याचं खोड

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तो गेला, त्याआधीचे सगळे दिवस मी त्याच्या उशाशी बसून काढले — तेव्हाही नाही. लेकींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं बोलते, जसं काही त्याला ठाऊकच नाही! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पुढं ओळखावंसं वाटेल, असंही नाही.

आता मी जळगावला, मेहरूणमध्ये नातवाकडे असते. शेजारच्या बायका म्हणतात, आजी मोठ्या गमतीच्या. असेन. पण पंचविशीतली मी तुम्ही पाहायला हवी होती. चौथी पास, नाकात ही एवढी नथ, अन् शेणाची पाटी डोक्यावर असली तरी चाल तहसीलदारीणबाईची. वाटायचं, घर आपल्यावाचून चालत नाही. घर आपलं चालत होतं, हो. माझंच लक्ष नव्हतं.

एरंडोलच्या वाटेवर आमची बोरांची बाग होती. चाळीसेक झाडं, सगळी उमराण — मोठी, पिवळीजर्द, बाजारात सगळ्यात आधी उचलली जाणारी बोरं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, उमराणचं वेडच. बांधावरच्या गावठी बोरीसुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. त्या छाटून त्यांच्यावरही उमराणचेच डोळे भरून कलमं करून घेतली. विहिरीच्या वाटेवर एकच झाड वेगळं उरलं होतं, कडाका जातीचं. त्याची बोरं बारकी. कोणी विचारत नसे.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि बोदवडची मंदा माझी जाऊ म्हणून आली. मॅट्रिक झालेली. घरात माझी नऊ वर्षं झाली होती. आबा मला ‘ए’ म्हणून हाक मारायचे. मंदा आठ दिवसांत ‘लेक’ झाली. पेपर वाचून दाखवायची ना! आणि तिची ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी — ती तर माझ्यापेक्षा बरी होती. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. बघा, मुद्द्याचं सोडून भाकरीवर आले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीला बागेतल्या म्हसोबाच्या पाया पडायला नेलं. मी पुढं, नवी साडी नेसून. कडाक्याच्या काट्यात ती अडकली अन् सगळ्यांसमोर टर्रकन फाटली. पोरी फिदीफिदी हसल्या. मंदा हसली नाही. तिनं आपल्या पदराची पिन काढली अन् खाली बसून माझ्या साडीला लावली. नव्या नवरीनं! हसली असती तर मी तिला कदाचित सोडलं असतं.

ते झाड तोडा म्हणून मी आबांच्या मागं लागले. छाटणीचे दिवस होते. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे व, सावली शे.” काट्याची कसली सावली? आठवडाभर कटकट केली, तेव्हा वैतागून त्यांनी गड्याला सांगितलं आणि झाड गेलं. गुडघ्याएवढं खोड उरलं.

भादव्यात बाग अशी फुलली की माश्यांच्या आवाजानं कान भरून जावेत. आणि दिवाळीपर्यंत सगळं झडलं. चाळीस झाडांची बोरं दोन घमेल्यांत मावली.

सासू ओट्यावर बसून म्हणाली, “हाई पोर उनी अन् बोरं गयात. इना पायच वाईट शे.”

मंदा आली म्हणून बोरं गेली — पहिल्या वर्षी मलाही ते खरं वाटलं. खोटं कशाला बोलू — गोडही वाटलं.

दुसऱ्या वर्षी तेच झालं. दरवर्षी आमची बोरं झाडावर असतानाच विकत घेणारे रशीदभाई बागवान आले, चक्कर मारून विहिरीपाशी थांबले. घरचे पुरुष तालुक्याला गेले होते. मी पाणी दिलं.

“वहिनी, इथं एक कडाका होता ना? कोणी तोडला?”

मी रिकामा तांब्या उचलून घेतला.

“अहो, उमराणला उमराणचं फूल चालत नाही. दुसऱ्या जातीचं पाहिजे. माशी तिकडचं इकडं आणते, तेव्हा बोर धरतं. हे खोड जिवंत आहे, बघा, फुटवे आलेत. तेवढे राखा म्हणावं आबांना. दोन वर्षांत बाग पहिल्यासारखी होईल.”

मी म्हणाले, “सांगते.”

नाही सांगितलं. रशीदभाई पुन्हा आले नाहीत. बोरंच नाहीत तर ते कशाला येतील? म्हणजे आता हे ठाऊक असलेली मी एकटीच.

भीती होती का? होती. झाड कोणी तोडायला लावलं, हे आबांना आठवलंच असतं. पण भीतीपोटी माणूस गप्प बसतं. मी गप्प बसले असते तरी खोडानं आपलं काम केलं असतं — ते फुटतच होतं. मग मी काय केलं?

मी शेळी नेऊन त्या खोडाला बांधली.

रोज. बोरीचा कोवळा पाला शेळीला फार आवडतो. जिथं तिचं तोंड पोचत नसे, तिथले फुटवे मी विळ्यानं काढून तिच्यापुढं टाकायची. सासू कौतुकानं म्हणायची, थोरली बघा, शेळीचंसुद्धा किती करते!

तिकडं मंदाला फुलोऱ्याच्या दिवसांत बागेत पाऊल टाकायची बंदी झाली. मूलही नव्हतं अजून, तेही तिच्याच पायावर घातलं. भाकरीची टोपली घेऊन ती रस्त्यावर थांबायची, अन् मी बागेतून ती घ्यायला जायची. ती टाचा उंचावून आत बघायची. “अक्का, यंदा धरलं का हो?” नुकताच फुटवे कापलेला विळा माझ्या हातात असायचा. मी तोंड पाडून म्हणायची, “नाही गं बाई.”

एवढ्यावर थांबले का? नाही. एकदा ती रडायला लागली, तर मी तिला उपाय सांगितला. म्हटलं, वर्षभर मीठ सोड, म्हसोबा पावेल. असा काही नेम नाही. मी तिथल्या तिथं रचला. तिनं वर्षभर अळणी खाल्लं. मी समोर बसून जेवायची, अन् तिचा घास कसा फिरतो ते बघायची. आमटीत मीठ जरा जास्तच घालायची, वास तिच्यापर्यंत जावा म्हणून. मिठाला वास नसतो, एवढीही अक्कल नव्हती माझ्या डोक्यात! दुष्टपणाला मात्र ती लागली नाही.

चौथ्या दिवाळीला दिरानं तिला माहेरी सोडलं. घ्यायला कोणी गेलं नाही. पंचांनी बसून काडीमोड करून दिली.

त्याच महिन्यात मी शेळी गोठ्यात बांधली.

दोन वर्षांत खोडाचं झाड झालं, फुललं, अन् उमराणच्या फांद्या बोरांनी वाकल्या. सासूनं गावभर वाटली. मंदा गेली अन् बाग आली, असं घरोघर सांगितलं. कोणाच्या मनात शंका राहिली असेल, तर तीही मिटली. दिराचं दुसरं लग्न झालं. नवरीला हळद लावायला मीच पुढं.

मंदा मला पुन्हा भेटली ती बऱ्याच वर्षांनी, मुक्ताईनगरला एका लग्नात. केस पांढरे झाले होते. पुन्हा लग्न केलं नव्हतं; भावाच्या घरी शिलाईवर दिवस काढत होती. मला पाहून बायकांच्या गर्दीतून वाट काढत आली.

“अक्का, बागेला बोरं येतात ना आता?”

“येतात की. खूप येतात.”

तिनं डोळे मिटले. म्हणाली, “बरं झालं. माझ्यापायी तुमची चार वर्षं गेली. मला माफ करा.”

अन् वाकली. सगळ्या बायका बघत होत्या. तेव्हा तरी तोंड उघडायचं, नाही का?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, “केलं माफ.”

एक म्हातारी म्हणाली, काय मोठं मन आहे! मला ते खरंच पटलं. मग पंगतीत मी मंदाच्या शेजारी बसले अन् पोटभर जेवले.