खंडेनवमीचा रेडिएटर

सत्तरच्या दशकात मी सोलापूर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर होतो, आणि माझ्याकडचा सगळ्यात आजारी प्राणी म्हणजे खात्याची जीप.

लष्करानं टाकून दिलेली ती जीप लिलावातून आमच्याकडे आली होती. बॉनेटवरचा हिरवा रंग खरवडला की आत दुसरा हिरवा निघे, त्याखाली तिसरा. रोज सकाळी ड्रायव्हर आणि मी तिची शुश्रूषा करत असू. प्लग काढून घासायचे. पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत कडेनं साफ करायचे. स्प्रिंगच्या पाट्यांना जळकं ऑइल पाजायचं. इंजिनाशेजारच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी रस्त्याच्या मधोमध ध्यानस्थ होई. बॅटरी नावालाच होती. हँडल मारल्याशिवाय इंजिन जागं होत नसे. रेडिएटरची गळती बुजवायला तीन ठिकाणी कथलाचे डाग दिलेले होते. नवी गाडी आम्ही मागितली नव्हती असं नाही. त्या मागणीचा कागद जीपपेक्षा जास्त फिरला.

या गाडीनं मला एक रोग लावला. मला स्वस्थ बसता येईना. गाडीत असलो की कान इंजिनाकडे. आत्ता खट् झालं ते काय, हा करकर आवाज काल होता का. घरीही तेच. जेवताना पाय हलत राही. बायको म्हणायची, ‘‘जेवताना तरी इंजिन बंद करा.’’

त्या वर्षी पाऊस मंगळवेढ्याकडे फिरकलाच नव्हता. नवरात्रात एक धनगर सोलापूरला आमच्या हापिसात आला. मंगळवेढ्याच्या पलीकडे माळावर त्याची वाडी. शेजारच्या वाडीत मेंढरांना देवी आल्या होत्या आणि तिथला कळप निम्म्यावर आला होता. याचा कळप अजून धड होता, पण गावात चारा नव्हता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याला मेंढरं घेऊन बाहेर पडायचं होतं.

‘‘वाटंत त्याच वाडीवरनं जावं लागतंय,’’ तो म्हणाला. ‘‘दुसरी पानवट्याची वाट न्हाय. टोचून द्या आन् मग आमी निगतो.’’

लस मुंबईहून यायची होती, ती नवमीच्या आदल्या दिवशी येणार होती. मी त्याला नवमीचा शब्द दिला. त्यानं विचारलं, ‘‘किती वाजता?’’ कारण टोचायचं तर मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडून ठेवावी लागतात, आणि कोंडलेली मेंढरं चरत नाहीत. मी म्हणालो, अकरा. सरकारी नोकरानं वेळ सांगू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

नवमीला सकाळी सात वाजता मी बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून भुश्याच्या पेटीत भरला, त्यात लसीच्या बाटल्या ठेवल्या, आणि हापिसात आलो. तिथं खंडेनवमीची पूजा होती. दर वर्षी शिपाई आणि ड्रायव्हर मिळून दहा मिनिटांत उरकत. पण त्या साली नवे साहेब आले होते आणि त्यांना पूजा ‘व्यवस्थित’ हवी होती. व्यवस्थित म्हणजे सतरंजी, फोटोग्राफर आणि दोन तास उशीर.

हॉलमध्ये एका टेबलावर खात्याची सगळी हत्यारं मांडली होती. टंकयंत्र, शस्त्रक्रियेचे चिमटे, शिंगं कापायची करवत, आणि शेवटी जीपचे पाने, पक्कड, जॅक, हँडल. ती हत्यारं मीच माझ्या हातानं नेऊन दिली. माझा पूजेवर विश्वास नव्हता, पण विरोध करणं हीसुद्धा एक पूजाच असते आणि तिला वेळ जास्त लागतो. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही हे मला माहीत होतं. गाडीचं काय, असा प्रश्न निघाला. हेडक्लार्कनी निवाडा दिला की जीप हे वाहन आहे, हत्यार नव्हे. ती पूजा झाल्यावर चालते, किंबहुना चालवावीच लागते. असे बारीक निवाडे करायला हापिसात नेहमी कुणीतरी असतं.

साहेब दहाला आले. मी तोपर्यंत बर्फाची पेटी सात वेळा उघडून पाहिली होती. उघडल्यानं बर्फ लवकर वितळतो हे मला कळत होतं. तरी आठव्यांदा उघडली.

जीपला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. साहेबांनी नारळ हातात घेतला, फोटोग्राफरकडे पाहिलं आणि बंपरवर आपटला. नारळ फुटला नाही. पुन्हा आपटला. ‘‘जरा जोरात, साहेब,’’ कुणीतरी मागून म्हणालं. साहेबांना राग आला असावा. तिसऱ्यांदा त्यांनी तो बंपर सोडून सरळ जाळीवर हाणला. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, गाडीखाली पाण्याचं थारोळं झालं. शिपायानं त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

हँडल पूजेत असल्यामुळे चार कारकुनांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. हॉलला कुलूप लागलं आणि आम्ही निघालो.

मंगळवेढ्याच्या रस्त्यावर वीस-एक किलोमीटर गेल्यावर उष्णतेचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. ड्रायव्हर फौजेत राहून आलेला, फारसं बोलायचा नाही. त्यानं गाडी तशीच पुढच्या गावापर्यंत नेली. फाट्यावर एका मेस्त्रीची पत्र्याची शेड होती. ती उतारावर होती, तेवढं एक बरं.

मेस्त्री पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे. ‘‘बर्री साहेब, बर्री,’’ त्यानं कानडीतच बोलावलं, मग मराठीवर आला. ‘‘बसा. चहा घ्या. हत्यारं तेवढी मागू नका.’’

‘‘एक पक्कड द्या फक्त.’’

‘‘ती काय, पूजेला बसलीय की.’’

शेडच्या भिंतीशी धुतलेल्या पोत्यावर पाने उंचीप्रमाणे ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडू. ऐरण होती, हवेचा पंप होता. एक तुटका पिस्टनही होता. तो बहुधा पेन्शनीत असावा.

‘‘उद्या पूजा उतरली की मग हात लावणार,’’ मेस्त्री म्हणाला. ‘‘तवर नट बोटानं फिरला तर फिरवीन.’’

‘‘अहो, पेटीत लस आहे. बर्फ संपला की फुकट गेली. तिकडे माणूस मेंढरं कोंडून उपाशी ठेवून बसलाय.’’

‘‘मेंढरं किती?’’

‘‘दोनशेवर असतील.’’

मला वाटलं, आता उठेल आणि पक्कड घेईल. मी पोत्याकडे एक पाऊल टाकलंही. त्यानं नुसतं माझ्या पायाकडे पाहिलं आणि मी पाऊल मागं घेतलं. अविश्वासाला इतकी सोय चालत नाही: आपल्या पूजेत आपणच हत्यारं देऊन यायची आणि दुसऱ्याची पूजा मोडायला सांगायची.

आतून त्याची बायको कानडीत काहीतरी बोलली. मेस्त्री हसला.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘म्हणती, देवापुढं हत्यारं ठेवलीस, अक्कल न्हाय ना ठेवली?’’

तो उठला, बाह्या सारल्या, आणि जाळीच्या फटीतून दोन बोटं आत घातली. बराच वेळ चाचपत राहिला. मग बोटं बाहेर काढून मला दाखवली. बोटांत काथ्याचे चार धागे होते.

‘‘साहेब, रेडिएटरला नारळाची शेंडी कशी काय?’’

ड्रायव्हर भीमेकडच्या ढगांकडे पाहायला लागला. ढग नव्हते. मला ते हापिसासमोरचं थारोळं आठवलं. नारळात पाणी असून असून किती असणार? पेलाभर. आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक त्या थारोळ्याभोवती उभे होतो, आणि ते गंजाच्या रंगाचं होतं.

‘‘जुना डाग उघडलाय,’’ मेस्त्री म्हणाला. ‘‘डाग द्यायला हत्यार लागतंय. आज बुजवू नुसता. पण आधी थंड होऊ द्या.’’

तो एक तास कसा गेला ते मला सांगता येणार नाही, कारण तो गेलाच नाही. मी रस्त्यापर्यंत जाई, परत येई. पेटीवर हात ठेवी, उघडत नसे, मग उघडी. मेस्त्री दोनदा म्हणाला, ‘‘साहेब, तुमी फिरून गाडी थंड होत न्हाय.’’

अखेर त्यानं बायकोकडे अंगाचा साबण, एक चिंधी, उलथणं आणि हळदीचा डबा मागितला.

‘‘उलथणं पूजेला नाही बसवलं?’’ मी तिला विचारलं.

‘‘मग भाकरी काय कपाळावर भाजू?’’

त्यानं साबण अंगठ्यानं मळून मऊ केला, गोळी केली, उलथण्याच्या दांड्यानं फटीतून ढकलत ढकलत भोकात बसवली, वर चिंधीची पाचर दाबली. बोटांची साल निघाली. मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि दोन मुठी हळद आत सोडली.

‘‘पाणी तापलं की हळद फुगती, बारीक भोकं धरती. झाकण घट्ट लावू नका. वाफ कोंडली की साबण उडाला म्हणून समजा. दर चार मैलाला थांबा. घाई करू नका.’’ हे शेवटचं त्यानं ड्रायव्हरला नाही, मला सांगितलं.

गाडी उतारावरून सोडली. भीमेच्या पुलापाशी पाण्याचा डबा भरून घेतला. प्रत्येक थांब्याला जाळीतून पिवळं पाणी ठिबकत होतं. मंगळवेढ्याला डबा पुन्हा भरला. पलीकडचा माळ म्हणजे नुसता खडक. ओढ्यांत पाण्याऐवजी बाभळी. वाडी दोन-तीन मैलांवर असताना काटा पुन्हा लालवर गेला. डबा संपला होता. सावली नव्हती, विहीर नव्हती, माणूस नव्हतं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं मागच्या पेटीकडे पाहिलं.

पेटीत बर्फाचा एक तुकडा उरला होता, नारळाएवढा, आणि भोवती त्याचं वितळलेलं पाणी. बाटल्या त्या पाण्यात होत्या. पाणी काढलं तर लस तापणार. न काढलं तर लस गार राहून या माळावर आमच्याबरोबर बसणार. चालत जावं म्हटलं तर त्या उन्हात पेटी डोक्यावर घेऊन तास लागला असता. मी बाटल्या काढल्या, ओल्या रुमालात बर्फाच्या तुकड्याला टेकवून गुंडाळल्या, आणि अंगाची ऊब लागू नये म्हणून गाठोडं पोटाशी न धरता टोपीत घालून मांडीवर धरलं. पाणी रेडिएटरमध्ये गेलं. ड्रायव्हर शेवटचा थेंब निथळेपर्यंत पेटी वाकडी धरून उभा होता.

साडेतीन वाजता आम्ही वाडीवर पोचलो. मेंढरं वाघरीतच होती. सकाळपासून कोंडलेली, त्यांचा आवाज अर्ध्या मैलावरून येत होता. धनगर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

‘‘अकरा म्हनला व्हता डाक्टर.’’

‘‘गाडी बिघडली.’’

‘‘व्हय की. सरकारी मानसाची गाडीच बिगडती, पाय बिगडत न्हाईत.’’ मग त्याला माझ्या मांडीवरचं गाठोडं दिसलं. ‘‘हे काय?’’

मी गाठोडं उघडलं. बर्फ लिंबाएवढा राहिला होता. बाटल्या हाताला गार लागत होत्या. ‘‘अजून चांगली आहे,’’ मी म्हणालो. ‘‘पण तासाभरानं नसेल. माणसं बोलवा.’’

त्यानं भाऊ, भावजय, बायको सगळ्यांना हाक दिली. एकेक मेंढरू पायात धरून ते माझ्यापुढे आणत, मी शेपटीखाली टोचत असे, ड्रायव्हर कान खुणेसाठी गेरूनं रंगवत असे. त्या तासात पहिल्यांदाच माझा पाय हलत नव्हता. बर्फ संपला तेव्हा शेवटची बाटली निम्मी झाली होती, आणि ती संपेपर्यंत मी मान वर केली नाही. सगळा कळप झाला.

मग मी त्याला तेच सांगितलं जे हापिसात सांगायचं राहिलं होतं. लस लगेच लागू होत नाही. अंगात ताप येतो, मेंढरं पाच-सहा दिवस चालवायची नाहीत, आणि आजारी वाडीवरून दोन-तीन आठवडे तरी न्यायची नाहीत.

‘‘उद्या दसरा हाय डाक्टर. मुहूर्त हाय. बाप, आजा, सगळी दसऱ्यालाच निगाली हितनं. घरात बसून ऱ्हायलो तर वरीसभर सुकानं चराया मिळंल व्हय?’’

मला खूप काही बोलता आलं असतं. रोगजंतू, प्रतिकारशक्ती, शास्त्र. दुपारचा मेस्त्री आठवला आणि मी फक्त विचारलं, ‘‘मुहूर्ताला कुठवर जावं लागतं?’’

‘‘शिवंच्या पल्याड.’’

‘‘शीव कुठं आहे?’’

त्यानं हात केला. वाडीच्या खाली एक कोरडा ओढा होता. हाकेच्या अंतरावर.

त्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याची बायको म्हणाली, ‘‘पल्याड मामाचं रान पडीक हाय. कडब्याच्या दोन गाड्या त्यो देतो म्हनत व्हता.’’

‘‘तीन आठवडं पुरतोय व्हय कडबा?’’

‘‘न्हाय पुरला तर बघू की. मेलेल्या मेंढराला कडबा लागतच न्हाय.’’

आम्ही रात्री तिथंच राहिलो. सकाळी त्यानं मेंढरांवर भंडारा उधळला, भावानं ढोल वाजवला. कळप ओढ्यात उतरला आणि पलीकडे चढला, दीडशे पावलं. तीन मेंढरं तापानं उठेनात, म्हणून त्यानं एक खांद्यावर घेतलं, भावानं एक, आणि तिसरं माझ्या हातात दिलं.