पन्नास किलोचा मसाजी

साखरा गावच्या मसाजीला घोड्यावर बसायला कुणी शिकवलं नव्हतं. धनगराचं पोरगं, बिऱ्हाड लादायला घरी एक तट्टू होतं, त्याच्या उघड्या पाठीवर तो मेंढरांमागं रानभर हिंडायचा. मामा दगडोबा हैदराबादच्या रेसकोर्सवर एका तबेल्यात घोड्यांचं चारापाणी, मालिश बघायचा. १९९३च्या उन्हाळ्यात तो गावी आला आणि सोळा वर्षांच्या भाच्याचं किडकिडीत अंग बघून म्हणाला, "चल माझ्यासंगं. असं हलकं अंग तिथं सोन्यावानी जपतेत."

पहिली शर्यत मसाजीनं कठड्याला धरून पाहिली. आधी नुसती पायाखालची जमीन थरथरली. मग वळणावरून बारा घोडी एकदम अंगावर यावी तशी आली, मागं हजारो माणसं एका तोंडानं ओरडली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पुढं निघून गेलं. मसाजीला रडू फुटलं. काहून, ते त्याला सांगता आलं नाही.

सहा वर्षं लीद काढून, पहाटे घोडी पळवून त्याला जॉकीचं लायसन मिळालं. पण तोवर अंग भरायला लागलं होतं, आणि पन्नास किलोच्या वर गेलं की त्याला कुणी घोड्यावर बसवत नव्हतं. मग बिनसाखरेचा चहा, अर्धी भाकर, भर उन्हात दोन-दोन स्वेटर घालून पळणं. त्याची बायको राधिका ताट घेऊन मागं लागायची. "दोन घास तरी खा. भुतावानी दिसून राहिले तुमी."

"रविवारची रेस होऊ दे. सोमवारी जेवतो."

चार वर्षांत तो अकरा शर्यती जिंकला. जिंकला की भुकेचा विसर पडायचा, चार दिवस.

२००३च्या हिवाळ्यात त्याला रोशनी मिळाली. तांबडी घोडी, दगडोबानं दोन वर्षांची असल्यापासून सांभाळलेली. त्याच्या हातचा असल्याशिवाय दाण्याला तोंड लावत नसे. मसाजीचं वजन अडीच किलो जास्त भरत होतं. तीन दिवस तो घोटभर पाण्यावर राहिला. शेवटच्या वळणावर रोशनी सगळ्यांच्या पुढं होती, तेव्हाच त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तोल एका अंगाला गेला, लगाम ओढला गेला, घोडीचे पाय एकमेकांत अडकले.

दवाखान्यात जाग आली तेव्हा त्याचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं. रोशनीचा पुढचा पाय दोन जागी तुटला होता. तिथंच पडदा धरून तिला मरणाची सुई दिली. तिचं डोकं दगडोबाच्या मांडीवर होतं, असं राधिकेनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तबेल्याचा साहेब खाटेजवळ आला. "घोडी पडली कशी?"

उपाशीपोटी चक्कर आली म्हणावं, तर लायसन जाणार. मसाजी म्हणाला, "सकाळपासूनच लंगडत होती, साहेब."

लंगडी घोडी पळायला सोडली म्हणून बावीस वर्षांची दगडोबाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मसाजीचा खुबा काही धड जुळला नाही, त्यामुळे लायसनचाही उपयोग उरला नाही. दोघं गावी परतले. दगडोबा दुसऱ्यांची मेंढरं राखू लागला. मसाजीनं नरसीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-बुक्क्याचं दुकान टाकलं. आता भाकरीला कुणाची मनाई नव्हती, पण पोट आवळून गेलेलं. दोन घासांवर तिसरा उतरत नसे.

मामा रोज विचारायचा, "पाय दुखते का रे?" तीन वर्षं मसाजीनं ते ऐकलं. मग एका दुपारी झाडाखाली त्यानं सगळं सांगून टाकलं.

दगडोबा काठीनं माती उकरत राहिला. "सकाळी मी चारी पाय हातानं तपासले होते," तो म्हणाला. "तरी मला वाटायचं, आपल्या हाताला कळलं न्हाई. तीन वर्षं मी ह्या हातांना शिव्या देऊन राहिलो, मसाजी."

"मामा, चुकलो मी."

दगडोबा उठला, मेंढरांना हाळी देत माळाकडं निघून गेला. त्यानंतर तो मसाजीशी बोलला नाही. दुकानावरून जाताना मान वळवून जायचा.

२००८च्या पावसाळ्यात दगडोबा गेला. मसाजी खांदा द्यायला पुढं झाला, पण चार पावलांत खुब्यातून कळ निघाली आणि तिरडी एका बाजूला कलली. लोकांनी त्याला बाजूला काढलं. बाकीचा रस्ता तो लंगडत मागून गेला.