बॅटरीतलं पाणी

सणसरमध्ये घरोघरी इन्व्हर्टर बसवणारा तो माणूस बॅटरीशी म्हशीशी बोलावं तसं बोलायचा. "तहान लागली का गं बाय?" म्हणत झाकणं उघडायचा आणि कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर हळूहळू घालायचा. जाताना मला दटावायचा, "आबा, बोअरचं पानी घालू नगा. खारं हाय, बॅटरी मरंल."

माझ्या बायकोचं ऑक्सिजनचं मशीन त्याच बॅटरीवर चालायचं. त्याला निरोप धाडायचा कंटाळा केला आणि उन्हाळाभर मी बोअरचंच पाणी ओतलं. एका दुपारी लाईट गेली, मशीन लगेच बंद पडलं. ती गेली.

दहाव्याला तो आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडलो, "जुनी बॅटरी गळ्यात मारलीस तू!"

त्याने पडवीतल्या बॅटरीचं झाकण उघडलं. आत पांढरा थर साचला होता. माझ्याकडे एकदा पाहून त्याने झाकण लावलं. "व्हय आबा, माजंच चुकलं."

त्यानंतर त्याला गावात कोणी बोलावलं नाही. आता तो भिगवणला मासे विकतो.

पाणी मी घातलं होतं, हे गावाला आज सांगतो आहे. त्याला ते तेव्हाच कळलं होतं. मी दिसलो की अजूनही तो सुरी खाली ठेवतो आणि विचारतो, "आबा, घरी लाईट हाय न्हवं?"