बाबांचे हात खिशात

नागपूरहून तुमसर रोडला जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा माझ्या कानामागचं यंत्र नवं कोरं होतं, आणि मीही स्वतःला तशीच समजत होते. सहाव्या वर्षी तापात माझे कान गेले. चोविसाव्या वर्षी नागपुरात शस्त्रक्रिया होऊन डोक्यात इम्प्लांट बसलं, बाहेर कातडीला लोहचुंबकाने चिकटणारी चकती आली. पुढचे महिने मामांकडे राहून ऐकायचे धडे गिरवले. आता पहिल्यांदाच घरी निघाले होते. मला एकच गोष्ट हवी होती, बाबांशी पोटभर बोलायचं.

भंडारा रोड मागे पडलं आणि मी खिडकीशी डोकं टेकलं. जग एकदम बंद झालं. चकती सुटून खिडकीच्या गजाला चिकटली होती. समोरच्या बाईंनी ती ओढून दिली, मी ती लावल्यावर विचारलं, "मोबाईलचं हाय का?"

"कानाचं," मी म्हटलं.

त्यांनी शेजारणीकडे बघून अरेरेचा चेहरा केला. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते. त्याला यंत्र लागत नाही.

बाहेर कापणी झालेल्या बांध्या (भातखाचरं), त्यांत उगवलेली हिरवी लाखोळी (लाखेची डाळ), मधेच एखादा तलाव. हे सगळं मला पाठ होतं, पण आवाजाविना. आता त्यावर गाडीचा खडखडाट चढला होता आणि मला धड बघताही येईना.

माझे बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर आहेत. तिथल्या गोंगाटात तोंडाने बोललेलं कोणाला कळत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. मूठ डोक्यावर ठेवली की पोतं, कोपर वर केलं की पट्टा घसरला, मनगट तोंडाशी नेलं की चहा. माझे कान गेल्यावर बाबांनी ती भाषा घरी आणली आणि वाढवली. देव, शाळा, राग, भूत, सगळ्यांना त्यांनी हात शोधले. माझ्या नावालाही. तांदळाचा दाणा चिमटीत धरून उजेडात बघतात, तशी चिमूट म्हणजे मी. शाळेत पोरं 'बहिरी' म्हणून मागून खडे मारायची. घरी येऊन मी ते हातांनी सांगितलं की बाबा हातांनीच त्यांना अशा शिव्या द्यायचे की आई पदर तोंडाला लावायची.

ऑटोतून उतरले तेव्हा बाबा दारात उभे होते. मी हात उचलला. त्यांनी दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले आणि तोंड मोठं उघडून म्हणाले, "आली का बाई?"

अठरा वर्षांनी मी त्यांचा आवाज ऐकला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा होता. यंत्रातून अजून सगळेच तसे ऐकू येतात, हे मला माहीत होतं. तरी वाईट वाटलं.

जेवायला भात आणि लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती. "बाबा, भाजी मस्त झाली," मी म्हटलं. माझे उच्चार अजून जाडेभरडे आहेत.

"काय म्हनते?" बाबांनी आईला विचारलं.

आईने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. मग बाबा काही बोलले. ते मला कळलं नाही, म्हणून आईने माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिलने बाबांचेही कान खाल्ले होते, आणि आम्ही दोघं हातांनी बोलत होतो म्हणून मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या रात्री भाजीच्या पुढे बोलणं गेलं नाही. आई दमली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन मिलमध्ये गेले. आत पाऊल टाकताच यंत्रातून नुसता मार बसला. चकती काढून पर्समध्ये टाकली. हवेत कोंढा (धानाचा भुसा) उडत होता आणि पलीकडे बाबा एका हमालाशी बोलत होते, हातांनी, भरभर. त्यांनी हवेत घोडा काढला, त्यावरून पडणारा नवरदेव काढला. हमाल पोट धरून हसला. मलाही हसू आलं. दारातूनच मी मनगट तोंडाशी नेलं. बाबांनी पाहिलं. त्यांचा उजवा हात सवयीने अर्धा वर आला, आणि डाव्या हाताने त्यांनी तो खाली ओढला.

बाहेर टपरीवर मी चकती लावली. "मिलमधी हातानं बोलता, मंग माह्याशी काहून नाही?"

"काय?"

मी ओरडून विचारलं. सगळी टपरी वळून बघायला लागली. बाबा शब्द तोडून, मला शिकवल्यासारखे बोलले, "तुले शिकवते त्या म्याडमनं आपरेशनच्या टायमाले सांगतलं. घरी हात केले त मशीन वाया जाते. पोरगी मुकी राह्यते. म्या शब्द देला."

"बाबा, काही वाया नाही जात. मले तुमच्याशी बोलाचं हाय."

"काय म्हनलं?"

तेच हातांनी सांगायला गेले, तर त्यांनी मान फिरवली. टपरीवर आई नव्हती. मी चहा संपवला. त्या मॅडमचा मला संताप आला, आणि त्याहून जास्त बाबांचा. दुनिया दिलेले शब्द खुशाल मोडते. हा एक तेवढा माझ्याच बापाला पाळायचा होता.

परतीच्या गाडीत त्यांनी माझी बॅग चढवली आणि हात पुन्हा खिशात घातले. गाडी हलली तेव्हा त्यांचं तोंड हलत होतं. इंजिनाच्या आवाजात मला काही कळलं नाही.

नागपुरात मी नोकरी करते त्या ऑफिसातले म्हणतात, नशीब काढलंस. ऐकू येतं, हे खरं आहे. कुकर, दाराची बेल, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची. बहिरी होते तेव्हा बाबांच्या मनातलं सगळं मला कळायचं, हे ऑफिसातल्यांना कुठे सांगत बसू?

दर रविवारी मी मुद्दाम व्हिडिओ कॉल लावते. आई फोन बाबांच्या हातात देते आणि बाबा तो कानाला लावतात. पडद्यावर मला फक्त त्यांचा कान दिसतो, त्यातले पांढरे केस, कोंढ्याची बारीक धूळ.

"ऐकू येते का?" बाबा ओरडतात.

"येते," मी म्हणते.

"काय?"

मग मी बोलणं सोडते, आणि त्या कानासमोर चिमूट उजेडात धरून बसते.